'ट्विस्टेड' आणि ६० मिनिटांची कॅसेट : गोवा ट्रान्सच्या एका अल्बमचा निवाडा

गोदाकाठ (धागाकर्ता)

१९९८ सालच्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाने गोव्याहून येताना एक कॅसेट आणली. तो तिकडे एका हॉटेलात नोकरीला होता आणि तिथल्याच कोणाकडून त्याने ती भरून घेतली होती. वर निळ्या शाईने 'हॅलुसिनोजेन' एवढेच लिहिलेले होते. कॉलेज रोडवरच्या आमच्या भाड्याच्या खोलीत ती कॅसेट इतकी वाजली की अखेरीस फीत ताणली जाऊन सूर डगमगू लागला. संगीत मला फार आवडले, परंतु एक तक्रार मनात घर करून राहिली, ती अशी की या माणसाला शेवट करता येत नाही. पहिल्या बाजूचा अखेरचा ट्रॅक ऐन रंगात आलेला असताना तुटत असे आणि दुसऱ्या बाजूची गतही तीच. पुढे पुढे मी मित्रांना सांगू लागलो की हे तुटणे मुद्दाम योजलेले आहे आणि त्यात फार खोल अर्थ आहे. हा खोल अर्थ मी तब्बल ११ वर्षे सांगत होतो. २००९ साली पुण्यात एका स्नेह्याकडे मूळ सीडी ऐकली तेव्हा उलगडा झाला. अल्बम एका तासाहून थोडा मोठा आहे आणि कोणीतरी तो ६० मिनिटांच्या कॅसेटवर बसवला होता. 'सॉल्स्टिस' हा शेवटचा ट्रॅक मी कधी पूर्ण ऐकलेलाच नव्हता.

ज्यांना या संगीताची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोवा ट्रान्स म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यांवरच्या रात्रभराच्या नाचाच्या मेजवान्यांशी जोडलेले, यंत्रांवर घडवलेले नृत्यसंगीत. 'हॅलुसिनोजेन' हे सायमन पॉसफर्ड या इंग्रज संगीतकाराने घेतलेले नाव आहे. 'ट्विस्टेड' हा त्याचा त्या नावाने आलेला पहिला अल्बम १९९५ साली लंडनच्या 'ड्रॅगनफ्लाय' या कंपनीने काढला. ती कंपनी 'यूथ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्टिन ग्लोव्हरची. तो 'किलिंग जोक' या रॉक बँडचा बेसवादक. त्याच्या 'बटरफ्लाय' स्टुडिओत पॉसफर्ड ध्वनितंत्रज्ञ म्हणून काम करत असे. 'एलएसडी', 'अल्फा सेंटॉरी', 'डार्क मेगस', 'शमॅनिक्स' हे ट्रॅक याच अल्बमातले. गोवा ट्रान्सची थोरवी सांगताना आजही लोक पहिल्या दोन-तीन नावांत याचे नाव घेतात.

माझा प्रश्न असा आहे. या अल्बमविषयी जी मते वाचायला मिळतात त्यांतली बहुतेक मते अल्बमची नसून ऐकणाऱ्याच्या एखाद्या रात्रीची, वयाची किंवा (माझ्यासारख्याच्या बाबतीत) कॅसेटची असतात. हे सगळे बाजूला ठेवून, घरात बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले तर 'ट्विस्टेड' किती उभा राहतो? आणि जे संगीत नाचण्यासाठी घडवले गेले त्याला बसून ऐकण्याचा निकष लावणे मुळात न्याय्य आहे का? गेला महिनाभर मी तो रोज रात्री एकदा ऐकतो आहे. माझे मत सांगून टाकतो: हा अल्बम बसून ऐकल्यावर अधिक मोठा वाटतो. मात्र त्याची कीर्ती ज्या ट्रॅकवर उभी आहे, तो 'एलएसडी' मला त्यात सर्वांत कमकुवत वाटू लागला आहे.

अंजुण्याची पहाट

धागा आवडला, पण शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही.

मी १९९६ च्या डिसेंबरात गोव्यात, अंजुण्याच्या किनाऱ्यावर होतो. नाशिकहून आम्ही तिघे निघालो होतो आणि कसाऱ्याच्या घाटातच एकाचे पोट बिघडले, ते सोडून देऊ. तिथे हे संगीत कसे वाजत असे हे समजून घेतल्याशिवाय त्याचा निवाडा करता येणार नाही, असे माझे मत आहे. त्या काळी तिथले डीजे तबकड्या वापरत नसत. ऊन, धूळ आणि दमट हवा यांमुळे तबकडी वाकडी होत असे, शिवाय ती वाहून न्यायला जड. म्हणून सगळे डॅट कॅसेटवर, म्हणजे छोट्या डिजिटल फितींवर चालायचे. साध्या डॅट यंत्रावर गाण्याचा वेग कमी-जास्त करून दोन गाण्यांचे ठोके एकमेकांत मिसळण्याची सोय नव्हती. त्यामुळे एक ट्रॅक सावकाश मावळायचा, ठोका नसलेल्या नुसत्या स्वरांच्या धुक्यातून दुसरा उगवायचा, आणि ट्रॅकच्या दोन्ही टोकांना मोकळी जागा ठेवण्याची रीत त्यातूनच पक्की झाली. आज घरात ऐकणाऱ्याला जी 'लांबण' वाटते तिचे मूळ इथे आहे.

दुसरे म्हणजे रात्रीचा क्रम. गोवा गिल म्हणून प्रसिद्ध असलेले डीजे, जे मूळचे कॅलिफोर्नियाचे आणि १९७०च्या दशकापासून गोव्याशी जोडलेले होते, त्यांच्या मेजवान्या रात्री सुरू होऊन दुसऱ्या दिवसापर्यंत चालत. २०२३ च्या ऑक्टोबरात ते वारले तेव्हा मला त्या पहाटा आठवल्या. रात्रीचे संगीत काळोखे आणि आडवळणाचे असायचे, उजाडताना सुरेल असायचे. एखादा ट्रॅक पहाटे ३ वाजता वाजला की ६ वाजता, यावर त्याचा अर्थ ठरायचा. 'एलएसडी' मी नारळीच्या झाडांखाली ऐकला आहे. तो तुम्हाला कॉलेज रोडवर कमकुवत वाटत असेल, तर दोष कॉलेज रोडचा आहे.

जुनी तबकडी

अंजुण्याची पहाट यांनी ऐकण्याच्या जागेचा मुद्दा मांडला आहे तो मला मान्य आहे, पण अर्धाच. माझे वय ७१ आहे आणि या संगीताशी माझा संबंध नातवामुळे आला. मात्र ध्वनिमुद्रणाच्या माध्यमाने संगीताचा आकार कसा बदलतो, हा माझा जुना छंद आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण ३ ते साडेतीन मिनिटे मावत. त्यामुळे आमच्या पिढीने मोठमोठ्या गवयांचे राग त्या साडेतीन मिनिटांच्या चिमटीत ऐकले आणि त्यावरच त्यांची थोरवी ठरवली. मैफलीत तोच गवई तासभर गात असे, हे ऐकीव होते. पं. द. वि. पलुस्कर याच नाशकात १९२१ साली जन्मले आणि १९५५ साली, उणीपुरी ३४ वर्षे जगून गेले. त्यांच्याविषयी माझे जे मत आहे ते संपूर्णपणे ध्वनिमुद्रणांवर बेतलेले आहे, कारण मैफलीत त्यांना ऐकण्याचे भाग्य मला लाभले नाही. मग माझे मत खोटे म्हणायचे का?

मैफल गेली, मुद्रण राहिले. ज्याच्या हाती जे आले त्याने त्याचा निवाडा करायचा, एवढेच आपल्या हाती असते. अंजुण्याच्या झाडाखाली बसलेल्यांनाच बोलण्याचा अधिकार आहे असे ठरवले, तर आणखी ३० वर्षांनी या अल्बमवर बोलायला कोणी उरणार नाही.

रिकामटेकडा

जुनी तबकडी यांच्याशी सहमत. +१

टिपरू

मी गेली १४ वर्षे ढोल पथकात वाजवतो, म्हणून ठोक्याविषयी दोन शब्द लिहितो. गोवा ट्रान्सचा वेग साधारणपणे मिनिटाला १३५ ते १५० ठोक्यांचा असतो. मिरवणुकीत आमचा हात चढल्यावर आम्हीही त्याच्या आसपास पोहोचतो, म्हणून मला वाटले होते की हे संगीत मला लगेच समजेल. प्रत्यक्षात पहिल्या दोन दिवसांत मला त्याचा कंटाळा आला. किकचा (खालच्या, जड ढोलासारख्या आवाजाचा) ठोका प्रत्येक मात्रेवर, सारखाच, काहीही न चुकता पडत राहतो. आमच्याकडे ढोलाचा ठोका सरळ असला तरी ताशा त्याच्या अंगावर खेळत असतो, हात बदलतो, माणूस दमतो, पुन्हा सावरतो. इथे दमणारे कोणी नाही.

मग धागाकर्त्यांनी लिहिल्याप्रमाणे हेडफोन लावून रात्री ऐकले. तेव्हा कळले की मी ताशा शोधत होतो तो चुकीच्या जागी. ताशाचे काम इथे ती किरकिरणारी, पिळवटणारी सुरावट करते. दोन किकांच्या मधल्या जागा बेस भरतो आणि वर ती सुरावट दर काही आवर्तनांनी आपला रंग बदलते. स्वर तेच राहतात, पण त्यांचा आवाज आधी बंद डब्यातून आल्यासारखा, मग उघडा, मग अंगावर येणारा होतो. 'शमॅनिक्स' ऐकताना मला पहिल्यांदा टिपरू हातात घ्यावेसे वाटले. मत बदलले आहे, पण 'महान' वगैरे म्हणायची माझी तयारी अजून नाही.

सातपूरकर

टिपरू यांनी जे वर्णन केले आहे त्यामागचे तंत्र सांगतो, कारण निवाडा करताना ते माहीत असलेले बरे. रोलँड कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी टीबी-३०३ नावाचे छोटे यंत्र काढले. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी हा त्याचा हेतू होता. त्या कामात ते सपशेल पडले, कारण त्यातून निघणारा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, आणि १९८४ साली त्याचे उत्पादन बंद झाले. शिकागोच्या काही तरुणांना ही यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली. त्यांनी त्याच्या फिल्टरची बटणे गाणे चालू असतानाच पिरगाळायला सुरुवात केली आणि १९८७ मध्ये फ्यूचर या गटाच्या ध्वनिमुद्रणातून 'ॲसिड' नावाचा आवाज जगासमोर आला. फिल्टर म्हणजे आवाजातले वरचे स्वनांश अडवणारी चाळणी. ती हळूहळू उघडली की स्वर न बदलता त्याचा उजेड वाढतो. शिवाय या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे, जिला आपल्याकडचे लोक मींड म्हणतील.

गोवा ट्रान्सने हा आवाज उचलला आणि एकाच्या जागी तीन-चार थर रचले. 'ट्विस्टेड'चे वेगळेपण मला या रचण्यात दिसते. त्या काळच्या पुष्कळ अल्बमांत थर नुसते एकावर एक चढत जातात आणि सातव्या मिनिटाला सगळा गोंगाट होतो. पॉसफर्ड एक थर आणताना दुसऱ्याला जागा करून देतो. कोणता आवाज डाव्या कानात, कोणता उजव्या कानात, कोणता लांबून, याचा हिशेब पक्का आहे. तो आधी ध्वनितंत्रज्ञ होता हे ऐकताना कळते. मी स्वतः सातपूरच्या कारखान्यात यंत्रांची जुळणी पाहतो, त्यामुळे असेल कदाचित, पण जिथे काम करणाऱ्याचा हात दिसत नाही आणि तरी सगळे जागच्या जागी बसलेले असते तिथे मला आदर वाटतो.

एक तक्रारही नोंदवतो. फोनवर ऐकणाऱ्यांनी कृपया यादृच्छिक क्रम (शफल) बंद करावा. माझ्या भाच्याने हा अल्बम तसाच, उलटापालटा, आणि मधून मधून जाहिराती ऐकत ऐकला आणि 'सगळे सारखेच वाटते' असा निकाल दिला.

मंद्रसप्तक

सातपूरकर यांनी मींड हा शब्द वापरला म्हणून मला राहवले नाही. मी गाणे शिकवते. या संगीताला 'भारतीय वळणाचे' म्हणण्याची पद्धत आहे आणि त्याविषयी पुष्कळ भाबडे लिहिले जाते, म्हणून थोडे नेमके लिहिते.

गोवा ट्रान्सच्या सुरावटींत कोमल ऋषभ वारंवार येतो. त्याच्यासोबत शुद्ध गंधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद असले की आपल्याकडे बसंत मुखारीचे स्वर होतात, म्हणजे पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) भैरव आणि उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) भैरवी. निषाद शुद्ध ठेवला की भैरव थाटाचे स्वर मिळतात. निषाद कोमलच ठेवून गंधारही कोमल केला तर भैरवी थाट. पाश्चात्त्य कानाला हे सगळे 'पूर्वेकडचे' वाटते, मग ते अरबस्तानातून आलेले असो, स्पेनमधून असो वा भारतातून. पण स्वरसमूह म्हणजे राग नव्हे. रागात कोणता स्वर किती थांबायचा, कोणत्या वाटेने जायचे आणि कोणत्या वाटेने जायचे नाही, हे असते. इथे कोमल ऋषभ आंदोलित होत नाही, तो नुसता सुईसारखा टोचतो. त्यामुळे 'ट्रान्स म्हणजे आधुनिक राग' असे कोणी म्हटले की मला हसू येते.

तरीही एक साम्य मला खरे वाटते आणि ते स्वरांत नाही. यात स्वरसंवादांची (कॉर्ड्सची) चाल जवळजवळ नसते. बेस बराच वेळ एकाच षड्जाला धरून असतो आणि वरचे सगळे त्या षड्जाच्या नात्याने अर्थ घेते. तानपुरा लावून बसणाऱ्याला ही बैठक ओळखीची वाटते. म्हणूनच कदाचित आपल्याकडच्या काहींना हे संगीत पॉपपेक्षा लवकर पचते. 'ट्विस्टेड' मी कालच पूर्ण ऐकला. 'डार्क मेगस'मध्ये मला बढत, म्हणजे टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, जाणवली. 'एलएसडी'त मात्र धक्के अधिक आणि बढत कमी आहे, तेव्हा या मुद्द्यावर मी धागाकर्त्यांच्या बाजूने.

अंजुण्याची पहाट

मंद्रसप्तक, आपले विवेचन वाचून शिकायला मिळाले. पण 'धक्के अधिक, बढत कमी' हा दोष कसा? नाचणाऱ्याला धक्का हवा असतो. ठुमरीला ख्यालाच्या तराजूत घालून 'आलाप कमी पडला' असे आपण म्हणत नाही.

मंद्रसप्तक

म्हणत नाही, कबूल. पण ठुमरी गाणारी स्वतः तिला ख्याल म्हणत नाही. धाग्याचा प्रश्न अल्बमचा आहे, सुट्या ट्रॅकचा नाही. आठ ट्रॅक एका क्रमात बांधून एका वेष्टनात घालून विकले की त्या क्रमाचे उत्तर द्यावे लागते.

एक पालक

क्षमा करा, पण एका गोष्टीकडे कोणीच वळलेले नाही. पहिल्या ट्रॅकचे नाव एका अमली पदार्थाचे आहे आणि संगीतकाराने घेतलेल्या नावाचा अर्थही भ्रम निर्माण करणारा पदार्थ असाच होतो. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे आणि तो हे ऐकतो. त्या पदार्थावाचून हे संगीत समजतच नाही असे त्याच्या मित्रांचे म्हणणे आहे. यात तथ्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

गोदाकाठ

एक पालक, आपण हे विचारलेत ते बरे झाले, कारण हा प्रश्न टाळून या संगीताविषयी बोलणे अप्रामाणिक ठरेल. एलएसडी हा पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये अल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली प्रथम तयार केला आणि त्याचा मनावरचा परिणाम १९४३ साली त्यांच्या लक्षात आला. भारतात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तो जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. गोव्याच्या त्या किनाऱ्यांवरचे संगीत आणि असे पदार्थ यांचा संबंध होता, तो नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्यापायी उद्ध्वस्त झालेली माणसेही होती.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्पष्टपणे 'नाही' असे आहे. मी आयुष्यात चहापलीकडे काही घेतलेले नाही आणि या अल्बममधले मला जे आवडते ते सगळे कानाने ऐकू येते. उलट मी असे म्हणेन की जे संगीत समजण्यासाठी काही घ्यावे लागते ते संगीत तेवढ्याने उणे आहे. 'त्या अवस्थेत ऐकल्याशिवाय कळणार नाही' हे मत मी निवाड्यात धरायलाच तयार नाही, कारण त्या अवस्थेत पंख्याची घरघरही थोर वाटत असणार.

जुनी तबकडी

पंख्याचे उदाहरण फार आवडले.

सातपूरकर

विषय थोडा पुढे नेतो. 'गोवा' या शब्दाने आपण फसतो का? अल्बम लंडनचा, संगीतकार इंग्रज, कंपनी इंग्रज. त्याच सुमाराचे बाकी मोठे अल्बम पाहा. 'मॅन विथ नो नेम'चा १९९६ चा 'मोमेंट ऑफ ट्रुथ' इंग्लंडचा, 'ॲस्ट्रल प्रोजेक्शन'चा 'ट्रस्ट इन ट्रान्स' इस्रायलचा, 'प्लीएडियन्स'चा १९९७ चा 'आय.एफ.ओ.' इटलीच्या मंडळींचा. १९९४ च्या डिसेंबरात पॉल ओकनफोल्ड या इंग्रज डीजेने बीबीसी रेडिओ १ वर 'गोवा मिक्स' म्हणून गाजलेला कार्यक्रम सादर केला आणि घरोघरी हे नाव पोहोचले, तेही लंडनमधूनच. गोमंतकीय माणूस या सगळ्यात भाड्याने खोली देणारा, चहाची चटई मांडणारा आणि दुसऱ्या दिवशी किनारा झाडणारा, एवढाच दिसतो. मग 'किती गोव्याचे वाटते' हा निकष लावणारे श्रोते नेमके काय मोजतात?

अंजुण्याची पहाट

ते एक वातावरण मोजतात आणि ते वातावरण खरे होते. चटई मांडणाऱ्या बायांचा उल्लेख केलात ते योग्यच आहे. पहाटे त्यांच्या कंदिलांची रांग दिसायची आणि पुढे कर्णे गरजत असायचे. पण ते संगीत तिथून निघाले म्हणून तिथले नव्हे, तिथे वाजवण्यासाठी घडले म्हणून तिथले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद झाले आणि पुढे त्यांची अंमलबजावणी कडक होत गेली, तेव्हा त्या रात्रींचे मूळ रूप उरले नाही. गावकऱ्यांच्या झोपेच्या दृष्टीने ते योग्यच झाले, हेही मी आता मान्य करतो. तेव्हा केले नसते.

टिपरू

पॉसफर्ड स्वतः भारतात आला होता का?

गोदाकाठ

आला होता. १९९५ च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, जे खग्रास सूर्यग्रहण झाले ते पाहायला तो आणि राजा राम भारतात आले होते. राजा राम हे नाव ऐकून आपल्यापैकी कोणी वाटत असले तरी ते ऑस्ट्रेलियात जन्मलेले बासरीवादक आहेत. नाशकातून ते ग्रहण खंडग्रासच दिसले. मला आठवते ते एवढेच की फराळाचे डबे झाकून ठेवले होते आणि आई आम्हाला बाहेर जाऊ देत नव्हती. त्या अनुभवातून दोघांचा 'शपाँगल' हा गट सुरू झाला आणि १९९८ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचा शेवटचा, सुमारे २० मिनिटांचा ट्रॅक ग्रहणावरच आहे. ज्यांना 'ट्विस्टेड'चा ठोका सोसत नाही त्यांनी आधी तो ऐकावा.

दरम्यान एक प्रस्ताव मांडतो. लिहिणे पुष्कळ झाले. येत्या रविवारी संध्याकाळी गंगापूर रोडवर माझ्या घरी बसून, सीडीवरून, मध्ये न बोलता, अल्बम एकदा पूर्ण ऐकू. ज्यांना जमेल त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवावा.

गोदाकाठ

बैठकीचा वृत्तांत लिहितो. टिपरू, सातपूरकर, मंद्रसप्तक, जुनी तबकडी आणि त्यांचा नातू असे पाच जण आले. अंजुण्याची पहाट यांनी 'बसून ऐकणार नाही' असे कळवले आणि तत्त्वाला जागले. पोहे आधीच झाले, कारण मध्ये बोलायचे नव्हते.

पहिला मुद्दा माझ्याच विरुद्ध गेला. मोठ्या स्पीकरवर 'एलएसडी' सुरू झाला आणि दोन-तीन मिनिटांतच खोलीतले सगळे सरसावून बसले. नातवाचा पाय हलू लागला, आणि आजोबांचाही, असे सातपूरकर शपथेवर सांगतात. महिनाभर हेडफोनवर ऐकून मला जो ट्रॅक उथळ वाटत होता तो दाराशी उभा राहून पाहुण्यांना आत घेणाऱ्या यजमानासारखा आहे, हे मला चारचौघांत कळले. मी त्याला कमकुवत म्हणालो होतो तो शब्द मागे घेतो. थोर मात्र अजून म्हणणार नाही.

मधल्या भागात मत फुटले. जुनी तबकडी यांना चौथ्या-पाचव्या ट्रॅकच्या सुमारास थकवा आला. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक ट्रॅक सात ते नऊ मिनिटे चढतो, मग उतरतो, आणि हे आठ वेळा घडते; एकूण चढण अशी नाहीच. मंद्रसप्तक यांनी नेमके उलटे सांगितले. त्यांच्या मते 'डार्क मेगस' आणि 'शमॅनिक्स' हा अल्बमचा गाभा आहे आणि तिथे संगीतकार श्रोत्याला खूश करण्याची घाई सोडून देतो. टिपरू यांनी डोळे मिटून घेतले होते. ते झोपले होते की ऐकत होते यावर नंतर वाद झाला.

'सॉल्स्टिस' संपल्यावर खोलीत कोणी लगेच बोलले नाही. मी कॅसेटच्या काळात जिथे तुटायचे ती जागा ओळखण्याचा प्रयत्न करत होतो आणि ती मला सापडली. माझ्या मनात तिथे अजूनही खटका वाजतो. म्हणजे इतकी वर्षे पूर्ण ऐकूनही माझा कान त्या अर्धवट कॅसेटचाच आहे.

जुनी तबकडी

थकवा आला हे खरे, पण वृत्तांतात एक भर घालतो. घरी परतल्यावर नातवाने मला 'हॅलुसिनोजेन इन डब' हा २००२ चा अल्बम ऐकवला. त्यात ऑट नावाच्या संगीतकाराने याच मंडळींच्या ट्रॅकचा वेग उतरवून, पोकळ्या वाढवून त्यांची वेगळी बांधणी केली आहे. ठोक्याचे ओझे उतरल्यावर मूळ सुरावटी किती घडीव आहेत ते मला तेव्हा दिसले. विलंबितात गाऊनही चीज टिकते की नाही, ही आमच्याकडची जुनी परीक्षा आहे. ती या संगीताने दिली असे म्हणायला हरकत नाही.

अंजुण्याची पहाट

धागाकर्त्यांनी शब्द मागे घेतला, ते पुरेसे आहे. मी काल प्रामाणिकपणे बसून ऐकण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या ट्रॅकला उठलो. बायकोने विचारले, काय झाले? मी म्हणालो, काही नाही, निवाडा करतो आहे.

एक पालक

मुलाबरोबर बसून पूर्ण ऐकला. मला फारसा कळला नाही, पण 'अल्फा सेंटॉरी' दोघांनी पुन्हा लावला. त्याच्या मित्रांच्या म्हणण्याविषयीही त्या निमित्ताने बोलणे झाले, जे एरवी झाले नसते. आभारी आहे.

सातपूरकर

पुढची बैठक कधी? 'आय.एफ.ओ.' घ्यावा असे सुचवतो. त्यातल्या बऱ्याच ट्रॅकना कृत्तिकांमधल्या ताऱ्यांची नावे आहेत आणि त्याची घनता 'ट्विस्टेड'पेक्षा कितीतरी जास्त आहे. पॉसफर्ड जागा ठेवतो असे जे मी वर म्हटले, ते तुलना केल्यावर अधिक स्पष्ट होईल. किंवा कदाचित खोटे ठरेल.

गोदाकाठ

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ठेवू. वरच्या मजल्यावरच्या आजींनी विचारणा केली आहे की परवा आमच्याकडे बोअर मारत होते का, म्हणून या वेळी ६ ऐवजी ५ वाजता सुरू करू. मावसभावाला निरोप धाडला होता. ती कॅसेट त्याच्याकडे अजून आहे आणि तो घेऊन येणार आहे. कोणाकडे चालू स्थितीतला टेप असल्यास कळवावे.

टिपरू

माझ्याकडे आहे. रबरी पट्टा तेवढा बदलावा लागेल, भद्रकालीत मिळतो का पाहतो. आणि मी झोपलो नव्हतो.